चॅट्सवर्थ मुलांना घेऊन: आधी पाणी, घर सगळ्यात शेवटी

पाणवाट

शाळांना सुट्टी लागायची वेळ झाली की इथल्या प्रत्येक मराठी ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो, मुलांना कुठे न्यायचं? त्यात कुणी चॅट्सवर्थचं नाव काढलं की लगेच उत्तर येतं, ‘तिथे मुलं कंटाळतात हो, नुसती चित्रं आणि झुंबरं.’ मला हे अजिबात पटत नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चॅट्सवर्थ ही डर्बीशायरमधली ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांची इस्टेट. डरवेंट नदीच्या काठी, बेकवेल गावाजवळ. कॅव्हेंडिश घराण्याने १५४९ मध्ये ही जागा घेतली. आज दिसतं ते घर मुख्यतः पहिल्या ड्यूकने १६८७ पासून पुढच्या वीस वर्षांत बांधून घेतलेलं. मोठ्यांना एवढं पुरतं, मुलांना पुरत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आठ वर्षांचं पोर सोन्याचा मुलामा दिलेली खिडकी किती वेळ बघणार? पण ‘एवढं पाणी पंप नसताना वर कसं उडतं?’ ह्यावर तेच पोर अर्धा तास हुज्जत घालतं. म्हणून माझं म्हणणं असं की इस्टेट चालते कशी ते मुलांना दाखवा. पाणी कुठून येतं, कोळसा कुठून यायचा, दूध कोण काढतं, इंग्लंडच्या थंडीत केळी कशी पिकली.

आम्ही सुरुवात पाण्यापासून करतो, तीही वरून. घराच्या मागे स्टँड वुड नावाचं दाट रान चढत गेलं आहे. वाटेत १५८०च्या दशकातला शिकारीचा मनोरा लागतो, त्याच्या थोडं पुढे माळावर एम्परर लेक. हा तलाव मुलांना आधी दाखवला की खालच्या बागेतली सगळी गंमत त्यांची त्यांना कळते. गोष्ट अशी की १८४४ मध्ये रशियाचा झार निकोलस पहिला इंग्लंडला येणार होता. सहाव्या ड्यूकच्या मनात आलं की झारच्या स्वतःच्या कारंज्याहून उंच कारंजं आपल्या दारात असावं. त्यांचा बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन ह्याने माळावर आठ एकरांचा तलाव खोदून घेतला, तिथून घरापर्यंत नळ टाकला, आणि हे सगळं सहा महिन्यांत. मजूर रात्रीसुद्धा मशालींच्या उजेडात खणत होते. कारंजं तयार झालं, पण झार काही चॅट्सवर्थला आला नाही! ह्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

तलाव घरापेक्षा शंभर मीटरहून जास्त उंचावर आहे, आणि ह्या कारंज्याची नोंदलेली सर्वांत मोठी उंची ९० मीटर. पंप नाही, मोटर नाही. उंचावरचं पाणी नळातून खाली येतं, त्या दाबावर फवारा उडतो. मग उरलेले मीटर कुठे गेले? नळाच्या घर्षणात आणि हवेत. सहावी-सातवीतल्या मुलांना हे तिथे उभं राहून सांगा, पुस्तकातलं घर्षण वेगळं शिकवावं लागणार नाही. पुढे १८९३ मध्ये ह्याच पाण्यावर टर्बाइन बसवून घरात विजेचे दिवे लावले. कारंजं कायम पूर्ण उंचीने उडत नाही, कोरड्या उन्हाळ्यात पाणी जपून वापरतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

कॅस्केड म्हणजे टेकडीवरून उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवरून वाहणारं पाणी. १६९६ मधलं मूळ काम, नंतर वाढवलेलं. पायऱ्यांचे २४ टप्पे आहेत आणि प्रत्येकाची लांबी नि घडण वेगळी, त्यामुळे पाण्याचा आवाज टप्प्याटप्प्याला बदलतो. पिढ्यान्‌पिढ्या मुलं ह्यात पाय बुडवत आली आहेत. मात्र गळतीमुळे पाणी बंद ठेवून मोठी दुरुस्ती हाती घेतलेली आहे, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच मुलांना शब्द द्या.

आणि विलो ट्री! झाडीत लपलेलं तांब्याचं झाड. लांबून बघाल तर वाळकं झाड वाटेल. जवळ गेलं की फांद्यांच्या टोकांतून बारीक धारा सुटतात. १८३२ मध्ये तेरा वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया इथे आली होती, तिलाही हे झाड फार आवडलं होतं. ह्याच्यापाशी वेळ हाताशी ठेवून थांबा. मुलं एकदा झाडाभोवती रमली की ‘चला’ म्हणणं जिवावर येतं.

बागेतला भूलभुलैया म्हणजे १९६२ मध्ये लावलेली यू ह्या सदाहरित जातीची १,२०९ झाडं. पण त्या जागेवर आधी काय होतं ते सांगितल्याशिवाय मुलांना आत सोडू नका. तिथे पॅक्स्टनचं अजस्र काचघर होतं, १८४० मध्ये पूर्ण झालेलं. आत उष्ण देशांतली झाडं, जमिनीखाली बॉयलर आणि मैलोगणती नळ. कोळशाचे गाडे पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून ते बोगद्यातून यायचे. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं थंडीने मेली आणि १९२० मध्ये ते काचघर पाडून टाकलं. आमची लेक भूलभुलैयात हरवली की ‘मी आता ताडाच्या झाडाखाली आहे’ असं ओरडून सांगते.

फार्मयार्डचं तिकीट वेगळं काढता येतं, आणि पाच-सहा वर्षांखालची मुलं असतील तर नुसतं तेवढंच करा, बिनदिक्कत. १९७३ मध्ये ते सुरू झालं ते शहरातल्या मुलांना अन्न कुठून येतं हे कळावं म्हणून. दूध काढण्याचं प्रात्यक्षिक चुकवू नका. गाईची आचळं पुसतात, कप लावतात, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग नळीतून पांढरी रेघ पळत जाते. त्या क्षणी पुढच्या रांगेतली सगळी मुलं एकदम श्वास घेतात. बाजूला चढाय-उतरायला मोठं क्रीडांगण आहे. प्राण्यांना हात लावल्यावर साबण आणि वाहत्या पाण्यानेच हात धुवायचे. सॅनिटायझर त्याला पर्याय नाही, हे मी आग्रहाने सांगते.

घर सगळ्यात शेवटी, आणि तेही मोजक्या खोल्या. एका दाराआड खुंटीला टांगलेलं व्हायोलिन शोधा. ते लाकडाचं नाही, अठराव्या शतकातलं रंगवलेलं चित्र आहे. मुलं मान तिरकी करकरून बघतात. शिल्पांच्या दालनाच्या बाजूला राफाएले मोंतीची बुरखा घेतलेली स्त्री आहे, संगमरवर असून चेहऱ्यावरचं कापड पारदर्शक दिसतं. आणि दुसऱ्या महायुद्धातली हकीकत सांगा. १९३९ मध्ये वेल्समधल्या पेन्रोस कॉलेज ह्या मुलींच्या शाळेची इमारत सरकारने घेतली, तेव्हा ती अख्खी शाळा चॅट्सवर्थमध्ये येऊन राहिली. राजेशाही दालनांत ओळीने खाटा टाकलेल्या. मुली १९४६ पर्यंत इथे होत्या. ‘इथे माझी खाट कुठे असती?’ हा खेळ मुलांना दिला की ती प्रत्येक खोली नीट न्याहाळतात.

तुमचेही अनुभव लिहा. इतर इस्टेटींबद्दलही चालेल.

धुकेरी

छान लिहिलंय ताई. एका गोष्टीवर मात्र माझं मत उलटं आहे. घर शेवटी ठेवलं तर मुलं दमलेली, चिखलाने भरलेली आणि भुकेली असतात. आम्ही दार उघडल्या उघडल्या घर उरकतो, गर्दीही कमी असते. मग बाहेर.

लहान बाळ असेल तर आणखी एक. घरात जिने भरपूर आहेत, तेव्हा प्रॅमच्या भरवशावर जाऊ नका, बाळाला अंगाशी बांधायची झोळी न्या. आणि सगळ्यात स्वस्तातला दिवस हवा असेल तर तिकीटच काढू नका. नदीकाठचं पार्क चालायला खुलं आहे, पैसे फक्त गाडी लावायचे. मेंढ्या, पूल, पाणी, उतारावर लोळण. आमचा धाकटा तीन वर्षांचा असताना ह्याच्यापलीकडे त्याला काही नको असायचं. एप्रिलमध्ये कोकरं असतात, तेव्हा मुलांना मेंढ्यांमागे पळू देऊ नका. हरणंही असतात, त्यामुळे उंच गवतातून फिरून आलात तर पायांना गोचीड चिकटली नाही ना ते घरी तपासा.

पाणवाट

धुकेरी, घराबद्दल तुमचं पटण्यासारखं आहे, विशेषतः गर्दीच्या दिवसांत. तरी सात-आठ वर्षांपुढच्या मुलांना मी आधी तलावावरच नेईन. एकदा बंद खोल्यांत ‘हात लावू नको’ ऐकून बाहेर आली की त्यांचा अर्धा उत्साह गेलेला असतो. पार्काचं अगदी खरं, आमच्याकडे आजही पुष्कळदा तेवढंच होतं.

खानदेशी

ताई, ‘थंडीत केळी कशी पिकली’ असं वर लिहून तुम्ही पुढे गेलात! मी रावेर तालुक्यातला, आता लेस्टरला असतो. घरी केळीचीच शेती. तेव्हा हे मला लिहू द्या.

पॅक्स्टनने १८३० च्या सुमारास मॉरिशसहून इंग्लंडला आलेलं केळीचं एक रोप मिळवलं आणि चॅट्सवर्थच्या एका आधीच्या काचघरात लावलं. नोव्हेंबर १८३५ मध्ये त्याला केळफूल आलं. जातीला नाव मिळालं मालकाच्या घराण्याचं, कॅव्हेंडिश. आज जगात निर्यात होणारी जवळजवळ सगळी केळी ह्याच गटातली. टेस्कोतून आपण आणतो तीही. १९५०च्या दशकात पनामा रोगाने ग्रॉस मिशेल ह्या आधीच्या जातीच्या बागा उद्ध्वस्त केल्या, कॅव्हेंडिश त्या रोगाला टिकली, म्हणून तिची चलती झाली. आता त्याच रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आहे, त्याची काळजी प्रत्येक केळी उत्पादकाच्या डोक्यात आहे.

आणि जळगावची केळी? बसराई आणि ग्रँड नैन, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्याच. ह्याचा अर्थ आपली बसराई चॅट्सवर्थहून आली असा कुणी काढू नये. हा गट मुळात आशियातला, दक्षिण चीनकडचा मानतात. डर्बीशायरमध्ये फक्त नाव मिळालं. माझ्या मुलाला मी तिथे उभं राहून हेच सांगितलं. आजोबा मुनवे (बुंध्यापासून फुटलेले कोंब) लावायचे, काका आता ऊतिसंवर्धित रोपं आणतात, कांदेबाग आणि मृगबाग अशा दोन लागवडी होतात, २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. हे त्याने घरी शंभर वेळा ऐकलेलं. पण ‘हे काचघर म्हणजे एका झाडासाठी कोळसा जाळून केलेला खानदेशचा उन्हाळा’ असं म्हटल्यावर तो पहिल्यांदाच थांबून ऐकू लागला. त्यानंतर पूर्ण बागेत त्याचे प्रश्न संपेनात. घडाला फण्या किती असतील, एका झाडाला घड एकदाच येतो मग दुसऱ्या वर्षी काय, मुनवा कुठून फुटतो.

पाणवाट

खानदेशी, मनापासून आभार! मुनव्यांपर्यंत मी कधीच पोचले नसते. तुमच्या मुलाला आणखी एक सांगा. १८३५ मध्ये ड्यूकने जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला झाडं आणायला भारतात धाडलं. कलकत्त्याहून तो खासी टेकड्यांत गेला आणि १८३७ मध्ये ऑर्किडच्या अनेक जाती घेऊन परतला. बोटीवर खाऱ्या वाऱ्याने रोपं मरू नयेत म्हणून ती काचेच्या बंद पेट्यांतून आणली. पेटीतली रोपांनी सोडलेली वाफ काचेवर जमते आणि पुन्हा मातीत उतरते. हा प्रयोग घरी मोठ्या बरणीत करता येतो, आम्ही नेच्याचं रोप लावलं होतं.

दर्यावर्दी

आम्ही साउथॅम्प्टनला, चॅट्सवर्थ लांब पडतं. आमच्याकडून फेरीने ईस्ट काउझला उतरलं की ऑस्बोर्न हाउस जवळच. आइल ऑफ वाइटवरचं राणी व्हिक्टोरियाचं घर. मुलांसाठी मला ते फार वरच्या दर्जाचं वाटतं, कारण तिथे खुद्द मुलांसाठी बांधलेलं घर आहे. स्विस कॉटेज, १८५० च्या दशकातलं लाकडी घर. राणीच्या नऊ मुलांना प्रत्येकी भाजीपाल्याचा वाफा दिला होता, बेताच्या मापाची अवजारं होती, ज्याच्या त्याच्या आद्याक्षरांची छोटी ढकलगाडी होती. पिकवलेला माल चांगला असेल तर वडील, म्हणजे प्रिन्स अल्बर्ट, तो बाजारभावाने विकत घेत. राजाच्या घरातली मुलं वाफे खुरपत होती आणि स्वयंपाक शिकत होती, ह्याचं माझ्या मुलीला केवढं आश्चर्य वाटलं! घरी आल्यावर तिने मेथी लावली आणि मला भाव विचारला. मी दिला.

शिवाय दरबार रूम. १८९० नंतर सजवलेली. पांढऱ्या नक्षीकामाने अख्खी खोली भरली आहे आणि शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर. हे काम पंजाबच्या भाई राम सिंग यांचं, सोबत लॉकवुड किपलिंग. हे किपलिंग १८६५ पासून दहा वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकऱ्यांची कोरीव चित्रं आहेत ना, त्यांचा आराखडाही त्यांचाच. माझे वडील जे. जे. समोरून रोज ऑफिसला जात असत. त्यांना दरबार रूममध्ये उभं करून मी हे सांगितलं तेव्हा नातवंडांना सोडून ते त्या मोरापाशीच बसले.

खाली समुद्रकिनारा आहे, राणीची पोहायला जायची चाकांची खोली ठेवलेली आहे. कपड्यांचा जास्तीचा जोड न्या.

ओवी

एक अवघड विषय काढते, कारण मुलं काढतातच. वेल्शपूलजवळ पॉविस कासल आहे. लाल दगडाचा किल्ला, उतरत्या बागा, मोर, सगळं देखणं. आणि आत क्लाइव्ह घराण्याचा संग्रह. त्यात टिपू सुलतानाचा फुलाफुलांच्या छिटाचा तंबू आहे, त्याच्या सिंहासनावरचं वाघाचं सोन्याचं डोकं आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने तंबूपुढे उभं राहून विचारलं, ‘हे त्यांनी विकत घेतलं का?’

मी त्याला सरळ उत्तर दिलं. नाही. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू लढताना मारला गेला, आणि त्याच्या वस्तू वाटून घेतल्या गेल्या. मद्रासचा गव्हर्नर तेव्हा एडवर्ड क्लाइव्ह होता, रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा, त्याची बायको पॉविस घराण्यातली. म्हणून हे सगळं वेल्समध्ये आलं. मुलगा गप्प झाला, मग म्हणाला की तंबू बघायला मला आवडला पण तो इथे आहे हे आवडलं नाही. मला वाटतं हे दोन्ही एका वेळी वाटू शकतं हे त्याला कळलं, ते चांगलंच झालं. सहलीच्या दिवशी असं काही नको म्हणून पुष्कळ जण हा विषय टाळतात. मी टाळणार नाही. आपल्या मुलांना शाळेत हे कुणी सांगेलच अशी खात्री नाही.

कागदपत्र

ओवी, पूर्ण अनुमोदन. नॅशनल ट्रस्ट ह्या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेने स्वतः २०२० मध्ये अहवाल काढला, त्यात त्यांच्या ९३ जागांचे वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध मांडले आहेत. तेव्हा आपण काही बाहेरून आरोप करतो आहोत असं नाही.

पण प्रत्येक इस्टेटीचा पैसा कुठून आला ते वेगळं वेगळं बघायला हवं. सगळं भारतातून लुटलं असं मुलांना सरसकट सांगणं खरं नाही. कॅव्हेंडिशांकडे इंग्लंड-आयर्लंडमध्ये अफाट जमीन होती, खाणी होत्या. स्टॅफर्डशायरमधल्या एक्टनच्या तांब्याच्या खाणीच्या पैशावर पाचव्या ड्यूकने बक्स्टन गावातली क्रेसंट ही अर्धवर्तुळाकार इमारत बांधली. त्या खाणींत कोण उतरत होतं, हाही प्रश्न मुलांपुढे ठेवावा.

आणि ही घरं आज आपल्याला तिकीट काढून बघता येतात ती का, हेही सांगण्यासारखं आहे. १९५० मध्ये दहावा ड्यूक अचानक वारला. मालमत्ता मुलाच्या नावे केली होती, पण त्यानंतर देणाऱ्याने जगायची कायद्याने ठरवलेली मुदत पुरी व्हायला थोडे आठवडे कमी पडले. वारसाकर लागला ऐंशी टक्के. जमिनी, चित्रं विकावी लागली, हार्डविक हॉल हे घराण्याचं दुसरं घर १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे गेलं. चॅट्सवर्थ राखण्यासाठी १९८१ मध्ये धर्मादाय विश्वस्त संस्था केली. आपल्या तिकिटातून छपरं दुरुस्त होतात.

एक व्यवहाराची गोष्ट, कारण दर वेळी कुणीतरी दारात अडकतं: नॅशनल ट्रस्टचं कार्ड हार्डविकला आणि पॉविसला चालतं. ऑस्बोर्न इंग्लिश हेरिटेज ह्या दुसऱ्या संस्थेकडे आहे, तिथे ते चालत नाही. चॅट्सवर्थ दोघांपैकी कुणाचंच नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना ट्रस्टच्या जागी तिकीट लागत नाही. वर्षातून चार-पाच जागा होणार असतील तरच कुटुंबाचं सभासदत्व घ्या.

हार्डविक चॅट्सवर्थपासून फार लांब नाही. बेस ऑफ हार्डविकने १५९० च्या दशकात बांधलेलं, भिंतींपेक्षा काचा जास्त. मनोऱ्यांच्या माथ्यावर तिने आपल्या नावाची (एलिझाबेथ, काउंटेस ऑफ श्रूजबरी) ई आणि एस ही अक्षरं दगडात उभी केली आहेत. गाडीतून उतरल्यावर कोण आधी बघतो, ह्यावर आमच्याकडे पैज लागते.

नऊवारी

मी साताऱ्याहून मुलाकडे शेफील्डला आले आहे, ऑक्टोबरअखेरपर्यंत आहे. हा धागा सुनेने वाचून दाखवला. मुलांबरोबर आमच्यासारखी माणसंही असतात, त्यांचंही लिहा. मला गुडघ्यांमुळे टेकडी चढवत नाही. पण आम्ही गेलो होतो तेव्हा मला चॅट्सवर्थची भाजीची बाग फार आवडली. ओळीने कोबी, वाटाण्याचे वेल, काठ्यांना बांधलेली फुलझाडं. नात मला इंग्रजी नावं सांगत होती, मी तिला आपली. पालक, चाकवत, घेवडा. बसायला बाक होते. दुपारी गवतावर चादर टाकून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली, कुणी काही बोललं नाही. माझ्या मनात धाकधूक होती की एवढ्या मोठ्या घराच्या बागेत डबा उघडलेला चालतो का.

परत जायचं आहे, पण मुलगा कामावर असतो आणि सुनेला गाडी येत नाही. बसने जमेल का?

धुकेरी

काकू, डबा खुशाल उघडा. बागेत आणि पार्कात पिकनिक चालते, लोक टोपल्या भरभरून आणतात. थंडी-पावसाचे दिवस आहेत, तेवढी बसायला जाड सतरंजी आणि वरून पाणी न झिरपणारं काहीतरी असू द्या.

पाणवाट

नऊवारी काकू, शेफील्डहून बेकवेलकडे जाणारी बस चॅट्सवर्थला थांबते, गाडीची गरज नाही. सुट्टीच्या दिवसांत वेळापत्रक बदलतं, म्हणून आदल्या दिवशी सूनबाईंना फोनवर बघायला सांगा, आणि परतीची शेवटची बस किती वाजता ते आधी पाहा. टेकडी चढू नका. तुम्ही आणि नात कारंज्याच्या लांब तळ्यापाशी बसा, घर आणि कारंजं दोन्ही समोर दिसतं. तिथून भाजीच्या बागेची वाट थोडी चढाची आहे, सावकाश गेलात तर जमेल.

वरचं वाचून मनात आलं, ऑक्टोबरच्या सुट्टीत इथल्या सगळ्यांचा चॅट्सवर्थलाच कट्टा केला तर? काकू असेपर्यंत. खानदेशी, तुम्ही केळीचं सगळं मुलांना सांगायचं, कबूल असेल तर कळवा. आठ वर्षांवरची मुलं माझ्याबरोबर तलावावर, धाकटी धुकेरींबरोबर फार्मयार्डला, ज्यांना चढायचं नाही ते बागेत. एक वाजता तबेल्याच्या जुन्या चौकात जमू, तिथे खायला मिळतं आणि पाऊस आला तर आडोसाही आहे.

खानदेशी

कबूल. लेस्टरहून दोन गाड्या निघतील, चार जागा रिकाम्या आहेत. केळ्याचे वेफर आमच्याकडून.

दर्यावर्दी

आम्ही आदल्या रात्री बेकवेलला मुक्काम करू. दडपे पोहे कोण आणतंय ते इथेच लिहा, म्हणजे तीन-तीन डबे एकाच पदार्थाचे होणार नाहीत. बटाट्याची भाजी काकूंची धरली आहे.